मित्राला दिसतं तेवढं

मोतीबिंदू दाखवायला मी नेत्रविभागात गेले होते, तेव्हा बाहेरच्या बाकावर एक बाई भेटल्या. मांडीवर मुलगा झोपलेला, हातात नवी कोरी फाइल. बोलता बोलता कळलं की त्यांच्या मुलाला डोळ्यांचं तेच दुखणं आहे जे माझ्या मुलीला. त्यांनी हळूच विचारलं, "ताई, पुढं काय काय होतं हो?" तेवढ्यात त्यांचा नंबर आला आणि माझं उत्तर राहून गेलं. ते आता लिहिते आहे. यात औषधांची नावं नाहीत, कारण या आजाराला तेव्हा औषध नव्हतं. आमच्या घरी जे झालं ते आहे.

माझं नाव सुजाता. टेलिफोन खात्यात ट्रंक ऑपरेटर होते. कानाला हेडफोन लावून दिवसभर न पाहिलेल्या माणसांना न पाहिलेल्या माणसांशी जोडून देणं, हे माझं काम. माझे मिस्टर मिलिंद हडपसरच्या एका कारखान्यात टर्नर. आम्ही बिबवेवाडीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. आमची एकुलती मुलगी संघमित्रा, म्हणजे मित्रा.

वर काळं असतं

लहानपणी मित्रा दिवेलागणीला गप्प गप्प व्हायची. खेळणारी मुलगी एकदम भिंतीला टेकून उभी राहायची, जसं कुणी तिला थांब म्हणून सांगितलंय. दारातल्या चपलांना अडखळायची, सांडशी शोधताना पाण्याचा तांब्या पाडायची. सगळे म्हणायचे, वेंधळी आहे. पण जमिनीवर पडलेली टाचणी सगळ्यांत आधी तिला दिसायची. सुईत दोरा ओवायला मी तिलाच हाक मारायचे. त्यामुळं डोळ्यांची शंका कधी मनाला शिवलीच नाही.

ती नऊ वर्षांची असताना एका संध्याकाळी वीज गेली आणि सगळी बिल्डिंग गच्चीवर जमली. मुलं तारे दाखवत होती, हा माझा, तो तुझा. मित्रा मान वर करून उभी होती.

"तारे कुठं असतात?" तिनं विचारलं.

"हे काय, वर."

"वर काळं असतं." ती अगदी शांतपणे म्हणाली. "तारे पुस्तकात असतात ना? परीसारखे?"

मिलिंद माझ्याकडं वळले. अंधारात मला त्यांचा चेहरा दिसला नाही, पण त्यांनी माझा हात धरला. मुलं हसत होती. माझी मुलगी नऊ वर्षं ताऱ्यांना गोष्टीतली वस्तू समजत होती, आणि तिला त्याचं काही वाईटही वाटत नव्हतं.

तो दिवस

डॉक्टर तरुण होते. बोलताना पेनचं टोपण काढायचे आणि पुन्हा बसवायचे. तक्त्यावरची सगळ्यात खालची, मुंगीएवढ्या अक्षरांची ओळ मित्रानं धडाधडा वाचली. मला हायसं वाटलं. मग तिला एका अंधाऱ्या खोलीत यंत्रासमोर बसवलं. सरळ समोर बघायचं आणि कडेला कुठंही उजेडाचा ठिपका दिसला की बटण दाबायचं.

मी तिच्या मागं भिंतीला टेकून उभी होते. बटणाचा टिक असा आवाज यायचा. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टिक. तिच्या भोवती काजवे उडत होते आणि तिला त्यातला एखादाच भेटत होता. त्या खोलीतली शांतता अजून मला स्वप्नात ऐकू येते. भीतीदायक नाही, नुसती लांबच लांब.

नंतर डॉक्टरांनी एका कागदाची सुरळी केली आणि माझ्या हातात दिली. "दुसरा डोळा मिटा. यातून बघत दारापर्यंत जा."

मी निघाले. दाराची कडी अगदी स्वच्छ दिसत होती. आणि मी मधल्या स्टुलावर जाऊन आदळले.

"तिला असं दिसतं," डॉक्टर म्हणाले. "मधलं स्पष्ट. कडेचं नाही. उजेड कमी झाला की जवळजवळ काहीच नाही. ही खिडकी हळूहळू लहान होत जाईल."

"बंद होईल?" मिलिंदनी विचारलं.

"कधी आणि किती, ते सांगता येत नाही."

"चष्मा?"

"चष्म्याचा उपयोग नाही."

मित्रानं माझा पदर ओढला. "मम्मी, मी पास झाले का?"

मी म्हटलं, "झालीस."

बाहेर आलो तर ऊन लखलखीत होतं. तिच्या डोळ्यांत बाहुल्या मोठ्या करणारे थेंब घातलेले. ती डोळे किलकिले करून म्हणाली, "सगळं दुधात पडलंय." आम्ही तिघं तसेच दवाखान्याच्या पायरीवर बसून राहिलो. रस्त्यावरून रिक्षा, सायकली, माणसं जात होती आणि मलाही तेव्हा सगळं दुधात पडल्यासारखंच दिसत होतं. मिलिंदनी तिला इडली खायला नेलं. मी पायरीवरून उठले नाही.

घर

पुढची दोन वर्षं दवाखाना आमच्या घरातली एक खोली असल्यासारखा झाला. नंबर लावायचा, थेंब घालायचे, बाकावर डोळे मिटून बसायचं, आत जायचं. बाकावर मित्रा आवाजांवरून खेळ खेळायची. "आता येतात त्या जाड्या सिस्टर. त्यांची चप्पल च्यूक च्यूक करते." बहुतेक वेळा बरोबर निघायचं. ड्यूटीवर मीही लोकांना आवाजावरूनच ओळखायचे, पण हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

घरात मात्र गुंता झाला. डॉक्टरांनी सांगितलं होतं की हा दोष आई-बाप दोघांकडून येतो. तरी मिलिंदची बहीण म्हणाली, "आमच्याकडं तर कुणालाच नाही." माझी आई म्हणाली, "आमच्याकडं पण नाही." मग कुणी डोळ्यांत मध घालायला सांगितलं, कुणी कोकणातल्या वैद्याचा पत्ता दिला, कुणी दुसऱ्या मुलाचा विचार करा म्हणालं. मी सगळं ऐकायचे, थोडंफार करूनही बघायचे. मिलिंद बोलायचेच बंद झाले. कामावरून आले की हातपाय धुऊन बुद्धमूर्तीसमोर बसायचे. वंदना संपली तरी तिथंच. मी स्वयंपाकघरातून पाठमोरे मिलिंद बघायचे आणि मला एकटं वाटायचं.

आणि मी मित्राचा हात सोडेनाशी झाले. शाळेत, दुकानात, जिन्यात, बाथरूमच्या दारापर्यंत. अकरा वर्षांची मुलगी, तिची वेणी मी घालायचे, ताटात भाजी कुठं आहे ते मी सांगायचे, चहात साखर मी ढवळायचे. ती मला अडवायची नाही. हळूहळू ती काही मागेनाशीही झाली. मी त्याला समजूतदारपणा म्हणायचे.

मांजरीचा ऊस

त्या मे महिन्यात आम्ही माझ्या भावाकडं, हडपसरपुढच्या मांजरी गावाला गेलो. भाऊ दुसऱ्याच्या वावरात वाट्यानं ऊस करायचा. ऊस माणसाच्या वर गेला होता. दुपारी मुलं उसात लपाछपी खेळायला शिरली आणि मी वळून बघते तर मित्रा त्यांच्याबरोबर.

मी पळत सुटणार, तेवढ्यात भाऊ म्हणाला, "आक्के, थांब. पोरगी आत हाय, आवाज येतोय न्हवं."

"तिला दिसत नाही रे."

"आत कुणाला दिसतंय?"

मी बांधावर उभी राहिले. मग मीही एका सरीत शिरले. आत हिरवा, मंद उजेड होता, पाण्याखाली असावा तसा. दोन्ही बाजूंना पानांच्या भिंती, समोर एक अरुंद पट्टी आणि तिच्या टोकाला उन्हाचा तुकडा. वारा आला की सगळं रान एकदम बोलायला लागायचं. पात्यांनी हात खरवडत होते. थोडं आत गेल्यावर मला कळलं की इथं सगळ्यांना मित्राइतकंच दिसतंय. तिची मामेभावंडं एकमेकांना हाका मारत भलतीकडं जात होती. मित्रा मात्र थांबून ऐकत होती आणि मग सरळ जाऊन एकेकाला पकडत होती. तिचं हसू ऐकू येत होतं. घरी ती अशी हसत नव्हती.

बाहेर आली तेव्हा गालांवर बारीक ओरखडे होते. मी पदर ओला करून पुसायला गेले. ती म्हणाली, "मम्मी, राहू दे. माझं मी पुसते."

मी पदर तिच्या हातात दिला. तेवढंच.

आपटेबाई

नारायण पेठेत आपटेबाई राहायच्या. अंध मुलांना चालायला-वावरायला शिकवण्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती, आता घरीच शिकवायच्या. कुणीतरी नाव सांगितलं म्हणून मी मित्राला घेऊन गेले. त्यांनी दार उघडलं, आधी आमच्या हातांकडं पाहिलं.

"तुम्ही मुलीचा हात धरलाय की मुलीनं तुमचा?"

"मी धरलाय."

"सोडा. ती सामान नाही."

मी सोडला.

"आता तिला तुमच्या कोपराला धरू दे. तुम्ही अर्धं पाऊल पुढं. जिना आला की क्षणभर थांबायचं. बोलत बसायचं नाही, अंगावरून तिला कळतं. आणि तिला सोडून द्यावंसं वाटलं तर तिनं सोडायचं, तुम्ही नाही."

दुसऱ्या वेळेला त्यांनी मला आत येऊ दिलं नाही. "आपण जिन्यात बसा. पंखा नाही, पण डासही नाहीत." मी जिन्यात बसून आतले आवाज ऐकायचे. कप-बशीचे आवाज. काडी पेटल्याचा आवाज. एकदा काहीतरी फुटल्याचा आवाज आणि लगेच बाईंचा स्वर, "फुटू दे. झाडू दाराच्या मागं आहे." मी उठले होते, ती पुन्हा बसले.

काही आठवड्यांनी दार उघडलं आणि मित्रा ट्रेमध्ये तीन कप चहा घेऊन आली. कप भरताना काठावर बोट ठेवायचं, हे तिला बाईंनी शिकवलं होतं. चहा गोड जास्त होता. आपटेबाई एक घोट घेऊन म्हणाल्या, "साखरेचं नंतर बघू." त्यांच्या तोंडून एवढं कौतुक म्हणजे पुष्कळच होतं. परतीच्या बसमध्ये मित्रा खिडकीशी बसून बोटाचं टोक दुसऱ्या बोटावर घासत होती. तिथं जरासं भाजलं होतं. ती ते जपत होती, बक्षीस जपावं तसं.

काठी

तेराव्या वर्षी तिला पांढरी काठी मिळाली. घडी घालता येणारी. पहिल्याच आठवड्यात बसमध्ये तिनं दुकानावरची पाटी मोठ्यानं वाचली. समोरच्या सीटवरचे गृहस्थ बायकोला म्हणाले, "वाचता येतंय की व्यवस्थित. काठी कशाला, सीट मिळवायला?"

मी काहीतरी बोलणार होते. मित्रानं माझ्या हातावर हात ठेवला. घरी आल्यावर तिनं काठीची घडी केली आणि कपाटात खालच्या खणात ठेवली.

"मी आंधळी नाही आणि मला दिसतही नाही," ती म्हणाली. "मग मी कोण, ते त्या काकांना काय सांगू?"

काठी वर्षभर खणात राहिली.

ते दिवस पुण्यात खणाखणीचे होते. रोज कुठला ना कुठला फूटपाथ उकरलेला. कॉम्प्युटरसाठी, फोनसाठी केबल टाकायची म्हणून. आमच्या एक्स्चेंजमध्येही ट्रंक कॉल संपत आले होते, मुली रिकाम्या बसून लोकरीचं विणायच्या. एका संध्याकाळी क्लासहून एकटी येताना मित्रा आमच्याच कोपऱ्यावरच्या ताज्या चरात पडली. सकाळी तिथं तो नव्हता. मनगट मोडलं.

प्लास्टर घालताना ती रडली नाही. घरी येऊन म्हणाली, "मम्मी, तू मला सोडायला येशील ना आता?" तो आवाज मी ओळखला. मी हात सोडत नव्हते तेव्हाच्या त्या मुकाट मुलीचा होता. दुसऱ्या दिवशी मी साहेबांना सांगून आले की मला लांब रजा हवी, पुढं बहुधा नोकरीच सोडेन.

मिलिंदना हे जेवताना सांगितलं.

चर

रविवारी सकाळी मिलिंद म्हणाले, "मित्रा, चप्पल घाल. काठी काढ."

"कुठं जायचंय?"

"खड्डा बघायला."

मला राग आला. प्लास्टर ओलं असल्यासारखं मला वाटत होतं, खरं तर ते केव्हाच वाळलं होतं. तरी मी त्यांच्या मागोमाग जिना उतरले.

चर छातीइतका खोल होता. मिलिंद आधी स्वतः उतरले. पांढरा शर्ट, रविवारचा. मग तिला काठावर बसवलं. "पाय खाली सोड. मी आहे." ती उतरली. आत उभी राहिल्यावर मला वरून तिचं फक्त डोकं आणि खांदे दिसत होते.

"भिंतीला हात लाव," मिलिंद सांगत होते. "वर डांबर. त्याच्या खाली खडी. मग मुरूम. मग काळी माती." ती उजव्या हातानं एकेक थर चाचपत खाली गेली आणि मग डोळा अगदी जवळ नेऊन तिच्या छोट्या खिडकीतून ते थर बघत राहिली. मातीचा गार वास वर येत होता. तळाला नारिंगी पाइप होता.

"यातून काय जातं, पप्पा?"

"बोलणं. फोनचं, कॉम्प्युटरचं. लांबलांबच्या लोकांचं."

"आत्ता जातंय?"

"अजून तार नाही टाकली."

तिनं वाकून पाइपला कान लावला. मिलिंदनीही लावला. सकाळच्या कोवळ्या उन्हात, रस्त्याच्या पोटात, बाप-लेक रिकाम्या पाइपचं ऐकत बसले होते. मी वर उभी होते आणि माझा राग कुठं गेला ते मला कळलं नाही.

फिरायला निघालेले एक आजोबा थांबले. "काय, अंगठी-बिंगठी पडलीय का?"

"नाही," मिलिंद म्हणाले. "शिकवणी चालू आहे."

"बरं," म्हणून आजोबा पुढं गेले.

मग ती वर आली आणि मिलिंदनी तिला लांबून काठी टेकवत यायला लावलं. एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं. काठीचं टोक काठावरून निसटलं की मातीचं ढेकूळ आत पडायचं आणि ती थांबायची. मिलिंद बोलत होते. टोक असं धर, मनगट सैल ठेव, घाई नको. गेल्या कित्येक महिन्यांत मी त्यांचा इतका आवाज ऐकला नव्हता.

दुपारी मी त्यांना म्हटलं, "अहो, पुन्हा पडली तर?"

"पडेल," ते म्हणाले. "मला पण तिच्याबरोबर राहायचंय, सुजाता. सगळं तूच करतेस, मला जागाच उरत नाही. तू कामावर जा."

मी सोमवारी कामावर गेले. संध्याकाळी विचारलं, बसमधल्या काकांचं काय करणार? मित्रा म्हणाली, "त्यांना वाटू दे काय वाटतं ते. खड्डा काही काकांना विचारून येत नाही."

नंतर

त्यापुढची वर्षं मला सलग आठवत नाहीत, प्रवासात डुलकी लागल्यावर मधली गावं आठवत नाहीत तशी. अधूनमधून ती रस्ता चुकली, एकदा भलत्याच बसनं कात्रजला गेली आणि एसटीडी बूथवरून फोन करून म्हणाली, "मी कात्रजला आहे, जेवायला थांबू नका." आपटेबाई वारल्या, तेव्हा ती एकटी पेठेत जाऊन आली. बोलणारा कॉम्प्युटर शिकली. पडद्यावरचं सगळं तो इतक्या भरभर वाचायचा की मला एक शब्द कळायचा नाही, तिला कळायचं. कॉलेज झालं. खराडीच्या एका कंपनीत नोकरी लागली. ज्यांना दिसत नाही त्यांना वेबसाइट वापरता येते की नाही, हे तपासायचं काम. सकाळी कोपऱ्यावरून कंपनीची बस.

दर वर्षी आम्ही डॉक्टरांकडं जायचो. पुढं ती एकटी जायला लागली. "ठीक आहे" म्हणायची. मी खोदून विचारत नव्हते. हे मला सगळ्यात उशिरा जमलं.

मागच्या हिवाळ्यातली सकाळ. ती बुटाची नाडी बांधत होती, मी डबा भरत होते. ती सहज म्हणाली, "मम्मी, एक सांगायचं राहिलंय. मधलं पण धूसर झालंय. दिवाळीपासून तुझा चेहरा दिसत नाही मला."

माझ्या हातातला चमचा तसाच राहिला. दिवाळीनंतर ती रोज कामावर गेली होती. लग्नाला गेली, बँकेत गेली, माझ्या साडीचा रंग विचारून त्यावर मॅचिंग ब्लाउजपीस आणलं होतं.

"आधी का नाही सांगितलंस?"

"तू ओळखतेस का बघत होते."

"नाही ओळखलं."

"मग झालं तर," ती म्हणाली, आणि डबा घेऊन जिना उतरली.

ती गेल्यावर मी खूप रडले. मिलिंदना फोन केला. त्यांना तिनं आठवड्यापूर्वीच सांगितलं होतं. ते म्हणाले, "तुला ती स्वतः सांगणार होती." पुढं बराच वेळ दोघांनीही फोन ठेवला नाही. मला वाटलं होतं हा दिवस आला की घर कोसळेल. गॅलरीत ऊन आलं होतं, शेजारी कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. घर होतं तिथंच होतं.

संध्याकाळी येताना तिनं मेथी आणली. जमिनीवर वर्तमानपत्र पसरून आम्ही दोघी निवडायला बसलो. ती बोटांनी देठ चाचपत पानं खुडत होती. बाहेर अंधारत आलं होतं. दिवा लावायचं मलाही सुचलं नाही.

"मम्मी, तुझे केस पिकलेत का गं?"

"पिकलेत."

"किती?"

"कानांपाशी जास्त. मधे अजून काळे आहेत."

"बरं." तिची बोटं देठावर थांबली. मनातल्या मनात ती तेवढे केस पांढरे करून घेत असावी. मग पुन्हा पानं खुडायला लागली. "आणि कपाळावर?"

मी कपाळावरून हात फिरवून पाहिलं आणि तिला सांगायला लागले.